तीस वर्षं ‘हलू नका’, एकदाच ‘पळ’

माझ्या अख्ख्या नोकरीचं भाषण दोन वाक्यांत संपतं. ‘श्वास धरा’ आणि ‘हलू नका’. तीस वर्षं मी हेच बोललो, आणि आता निवृत्त झालो तरी ते जिभेवरून उतरत नाही. नातवाचा मोबाईलवर फोटो काढायला गेलो की तोंडातून आपोआप निघतं, ‘श्वास धर.’ पोरगं बिचारं गाल फुगवून लालबुंद होतं आणि सून आतून ओरडते, ‘मामंजी, आता सोडायला पण सांगा त्याला!’

मी एक्सरे तंत्रज्ञ. बीड जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत बदल्या झेलत नोकरी केली. आमच्या भागात एक्सरेला एक्सरे कुणी म्हणत नाही, फोटो म्हणतात, म्हणून मी फोटोवाला मामा. त्या नावापायी काय काय सोसलंय म्हणून सांगू! सिरसाळ्याकडचे एक सरपंच छातीचा फोटो काढायला कडक इस्त्रीत आले होते. सदरा काढा म्हटलं तर नाराज झाले. मशीनपुढं उभं राहून खिशातला कंगवा काढून भांग पाडला आणि विचारलं, ‘मामा, हसू का जरा?’ मी म्हटलं, ‘हसा, पण श्वास धरून हसा.’ आणि माणूस खरंच हसला हो. फुप्फुसं अगदी स्वच्छ आली.

पाटोद्याच्या बाजूची एक म्हातारी होती. पायाचा फोटो काढायचा, म्हणून बोटातली जोडवी काढा म्हटलं. ती कसली ऐकते! ‘मालक जिता हाय माझा. जोडवी कशी काढू?’ मालक बाहेर बाकड्यावर बिडी चोळत बसले होते. त्यांनी तिथूनच हाळी दिली, ‘काढू नका बरं का! ऱ्हाऊ द्या फोटो!’ शेवटी जोडव्यांसकट काढला. डॉक्टरांनी मला झापलं, पण ते जोडपं हसत हसत एसटीला गेलं. म्हाताऱ्याच्या जिवाची हमी मी कशी घेणार होतो?

धंदा तसा सोपा. हाड पांढरं दिसतं, हवा काळी दिसते, मांस मधल्या मध्ये राखाडी. आणि पेशंट हलला की सगळंच पुसट. म्हणून पाय धरायचा, आडवा ठेवायचा, वाळूची पिशवी टेकवायची आणि म्हणायचं, हलू नका. माझा एकही फोटो पुसट येत नसे. मोठ्या शहरातले डॉक्टर लिफाफा उघडून विचारायचे, ‘हा कुणी काढलाय?’ त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू. हाड निवांत असताना जे दिसतं तेच खरं, असं मी धरून चाललो होतो. ती समजूत एका पोरीनं मोडली, आणि मोडली ते बरंच झालं. तेच लिहायला बसलोय.

निवृत्तीनंतर घरी बसून भाजी निवडायचा कंटाळा आला, म्हणून गेवराईला एका हाडांच्या डॉक्टरांकडं कामाला लागलो. डॉक्टर वयानं माझ्या मुलाएवढे, पण हाताला गुण असलेला माणूस. एक दिवस त्यांनी हाक मारली. म्हणाले, ‘मामा, पुण्याहून एक मॅडम येतायत. माणूस पळताना पायातली हाडं कशी हलतात त्याचा अभ्यास करायचाय. फोटो काढायला तुम्ही.’

मी म्हटलं, ‘पळताना? पळणाऱ्या माणसाचा फोटो? डॉक्टरसाहेब, बसलेल्या माणसाचा काढताना नाकी नऊ येतात!’

मेघना मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा, पायात सपाट बूट, बोलायला मोकळ्या. त्यांनी मला एकदम सोप्या भाषेत समजावलं. एका पावलात सव्वीस हाडं. माणूस पळतो तेव्हा टाच टेकते, मग पायाची कमान खाली बसते, मग सगळा भार चवड्यावर येतो आणि पाय उडतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. आतली हाडं तेवढ्यात एकमेकांवर किती सरकतात, किती वळतात, हे बाहेरून कळत नाही. कातडीवर ठिपके चिकटवून कॅमेऱ्यानं बघायचा प्रयत्न करतात, पण कातडी हाडावरून घसरते. म्हणून थेट हाडंच बघायची, हलत्या एक्सरेनं.

हलता एक्सरे आमच्याकडं होताच. ऑपरेशनच्या वेळी वापरतात तो सी-आर्म, वाकलेल्या दांड्याच्या एका टोकाला किरण आणि दुसऱ्या टोकाला पडदा. मॅडमनी दुसरा एक आणला, वेगवान कॅमेरे आणले आणि ते सांभाळायला निखिल नावाचा इंजिनिअर आणला. दवाखान्यामागं सरकीचं जुनं गोडाऊन रिकामं होतं. तिथं सरकारी परवानग्या, शिशाचे आडपडदे वगैरे सगळं रीतसर करून, कमरेएवढ्या उंचीवर लाकडी फळ्यांची लांब पायवाट बांधली. मध्यावर दोन्ही मशीन एकमेकांना छेद देऊन उभी. तिथं वीतभर जागा अशी, की पाऊल नेमकं तिथं पडलं तरच दोन्हीकडून दिसणार. माणसं पण इथलीच हवी होती. भरतीची तयारी करणारी पोरंपोरी आमच्याकडं पैशाला पासरी. पहाटे कुठल्याही रस्त्याला जा, पळतायतच.

पहिल्याच दिवशी विघ्न आलं. पडद्यावर, नेमक्या टाचेच्या जागी, एक पांढरा फटफटीत गोल. कुणीही पळो, गोल तिथंच. निखिलचा चेहरा उतरला. पडदा खराब झाला म्हणून त्यानं पुण्याला फोन लावले, वायरी काढल्या, परत जोडल्या. एक अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सुतारकाम करणारे उत्तममामा रंधा विसरला होता तो न्यायला आले. सगळ्यांची तोंडं बघून म्हणाले, ‘काय झालं?’ मी गोल दाखवला. ते पडद्याच्या जवळ गेले, डोळे बारीक केले आणि हरखून म्हणाले, ‘आरं, दिसायलाय की!’

‘काय दिसायलंय?’

‘रुपया! नवं काम सुरू करतानी फळीखाली ठिवावा लागतो. हळदीकुंकू वाहून ठिवलाय मी. बुडाला रुपया असल्यालं बरं असतं.’

निखिल मटकन खालीच बसला. आमच्याकडं उंबरा बसवताना नाणं ठेवतात, तसं या बाबानं एक्सरेच्या मशीनखाली ठेवलं होतं. नाणं काढलं. पण उत्तममामांचा जीव खट्टू होऊ नये म्हणून मॅडमनीच ते पायवाटेच्या पार टोकाला, किरणांपासून लांब, परत ठेवायला सांगितलं. तेव्हा मला ही बाई आवडली.

खरं संकट पुढं होतं. पोरं पळायला लागली की जवळ येऊन त्या वीतभर जागेकडं बघायची आणि पाऊल आखडून नेमकं तिथं ठेवायची. रांगोळीच्या कडेनं पाय टाकावा तसं. मॅडम कपाळाला हात लावायच्या. ‘हे पळणं नाहीये, हे निशाण साधणं आहे. हाडं वेगळीच हलतात असं केलं की.’ बघू नका म्हटलं तर पाऊल दुसरीकडंच पडायचं. आणि किरण म्हणजे काही उन्हाची तिरीप नाही, की कितीही घ्या. एका माणसाला ठरावीक वेळाच. मॅडमनी चार दिवस निरनिराळे उपाय केले. वेळ संपत आला होता. मशीन परत द्यायचं होतं. पाचव्या दिवशी मॅडम मला हळूच म्हणाल्या, ‘मामा, बहुतेक गुंडाळावं लागणार.’

त्याच दिवशी काजल आली. बरोबर आई, कौसाबाई. दोघी ऊसतोडीच्या घरातल्या. दसरा झाला की अख्खं घर कारखान्यावर जाणार, आणि पावसाळाभर गावात मिळेल ते काम. काजल वीसेक वर्षांची, सडसडीत, पोलीस भरतीची तयारी करणारी. कौसाबाई का आली? तर, ‘मशीनखाली पोरगी एकलीच कशी धाडू?’ म्हणून. बाई भिंतीला टेकून फतकल मारून बसली आणि सगळं निरखायला लागली.

काजलचा फॉर्म भरताना मॅडमनी विचारलं, ‘पायाला काही दुखापत? काही दुखतं?’

पोरगी खोटं बोलली नाही. ‘दुखायलंय. दीड-दोन वर्सं झाली. उजवा पाय.’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. अभ्यासाला धडधाकट पाय हवे होते. ‘मग तुला नाही घेता येणार गं. नियम आहे.’ काजल चपला घालायला वाकली, आणि उठताना तिची नजर माझ्यावर गेली.

‘मामा, तुमीच काढलाय की माझ्या पायाचा फोटो.’

मी म्हटलं, ‘असेल. पोरी, मी अख्ख्या जिल्ह्याचे पाय बघितलेत.’

‘मी म्हणलं होतं तुमाला, पडून ऱ्हायल्यावर दुखत न्हाई. उभं ऱ्हाऊन काढा. तर तुमी म्हणलात, मला शिकवू नको. हलू नको.’

मला ते आठवलं. निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. कुठला दवाखाना ते सांगत नाही, चूक दवाखान्याची नव्हती, माझी होती. बाजाराचा दिवस, बाहेर ही गर्दी. पळताना खड्ड्यात पाय मुरगळलेली एक पोरगी आली आणि म्हणाली, उभं राहून काढा. उभं राहून काढायची पद्धत असते. मी ती शिकलेलो होतो. पण पेशंटला उभं करायची लाकडी पेटी कोपऱ्यात होती आणि तिच्यावर मी माझा डबा आणि छत्री ठेवत असे. ती काढायचा मला कंटाळा आला. फोटो असा सुरेख आला की बास! एक रेघ पुसट नाही. डॉक्टरांनी बघितला आणि लिहिलं, काही नाही.

त्या ‘काही नाही’चं पुढं काय झालं, ते कौसाबाईनं भिंतीजवळूनच सांगितलं. काजल भरतीच्या मैदानात गेली. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं. निम्म्यातच पाय धरून बसली. परत एक फोटो, परत काही नाही. मग गावात सुरू झालं, पोरीला पळायचं होत न्हाई म्हणून पाय दुखतोय. बाप म्हणाला, नाटकं बास. या दसऱ्याच्या आत लग्न लावू, नवराबायको मिळून ऊस तोडतील. जोडीशिवाय तोडीला पुरतं कुणी धरत नाही आमच्याकडं.

‘दसऱ्याला किती दिस ऱ्हायलेत?’ कौसाबाई म्हणाली. ‘पोरगं बघून ठिवलंय त्येनी.’

तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो आणि मशीनकडं वळलो. बेशरमपणाच तो. पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही.

दोघी मात्र गेल्या नाहीत. एसटीला वेळ होता. तिकडं पोरांचं पाऊल साधणं परत सुरू झालं होतं, आणि थोड्या वेळानं भिंतीकडून हसू ऐकू आलं. कौसाबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

मॅडम वैतागलेल्या होत्याच. ‘काय झालं मावशी?’

‘पायाकडं काहून बघायलेत ही? पाय काय पळून चाललाय का?’ आणि मग तिनं सांगितलं. ‘मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढावं लागतं आमाला. ईतभर रुंद फळी. खाली बघितलं की मोळी बी जाती अन् माणूस बी जातंय. पाय आपली जागा आपुन हुडकतो. ह्यांच्या डोक्यावर चुंबळ द्या. खाली बघितलं की पडंल.’

चुंबळ म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची फडक्याची गोल वळी. मॅडम तिच्याकडं बघतच राहिल्या. कौसाबाईनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल मागून घेतला, दोन पिळे दिले, वेटोळं केलं आणि रांगेतल्या पहिल्या पोराच्या डोक्यावर ठेवलं. तो होता धनराज. गेवराईच्या बड्या घरातला, घरी बागायत, काका राजकारणात. त्यानं डोकं झटकलं.

‘आमच्या घरात डोक्यावर ओझं घ्यायची पद्धत न्हाई.’

‘वझं कुठं हाय रं?’ कौसाबाई म्हणाली. ‘नुसतं फडकं हाय. वझं आमी घेतो.’

धनराज कानापर्यंत लाल झाला, पण पोरगा मनाचा वाईट नव्हता. स्वतःच्या हातानं चुंबळ उचलून डोक्यावर ठेवली आणि पळाला. मधल्या जागेपाशी मान खाली गेली, चुंबळ पडली, पोरं खो खो हसली. दुसऱ्यांदा पळाला तेव्हा मान ताठ, नजर समोर. पाऊल त्या जागेच्या थोडं पुढं पडलं, पण पडलं ते पळण्याच्या झोकात. निखिल ओरडला, ‘थांबा! आता सुरुवातीची रेघ मागं घेऊ!’ किरण बंद ठेवून त्याला परत पळवलं, रेघ अजून दोन बोटं मागं घेतली, परत पळवलं. आणि मग मी किरण सुरू केला.

पडद्यावर धनराजचं पाऊल आलं. टाच टेकली, कमान बसली, हाडं एकामागून एक सरकली आणि परत जागेवर गेली. तीस वर्षं मी हाडं बघितली. पण हाडाला हाड जागा देताना मी पहिल्यांदा पाहिलं. मॅडमनी टाळी वाजवली आणि सरळ कौसाबाईला मिठी मारली. संध्याकाळपर्यंत सगळी मिशीवाली पोरं डोक्यावर चुंबळ घेऊन एकामागून एक पळत होती, आणि चार दिवसांत जमलं नव्हतं तेवढं काम त्या एका दुपारी झालं.

मॅडम म्हणाल्या, ‘मावशी, तुम्ही माझं वर्षाचं काम वाचवलंत. तुमच्यासाठी काय करू, सांगा.’

कौसाबाईनं जरासुद्धा विचार केला नाही. ‘माझ्या पोरीला एक डाव पळवा ह्याच्यावर.’

मॅडमचा चेहरा पडला. अभ्यासात घेता येत नाही, विनाकारण किरण देता येत नाही, नियम आहे. नियम बरोबरच होता. त्या तसं समजावत होत्या आणि कौसाबाई मान हलवत होती. आयुष्यभर नियमच ऐकत आलेली बाई ती. तेव्हा मी पुढं झालो. आमचे डॉक्टर दाराशी उभे होते. त्यांच्यासमोर, धनराजसमोर, सगळ्या पोरांसमोर म्हटलं, ‘साहेब, हिचा पहिला फोटो मी काढलाय. ही उभं राहून काढा म्हणत होती. मी कंटाळा केला. हिला अभ्यासात घेऊ नका, पेशंट म्हणून तपासा. चूक माझी आहे.’

असं बोलायची मला सवय नाही. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग काजलकडं. टेबलावर बसवून तिचा पाय हातात घेतला, एका ठिकाणी अंगठा दाबला. ती कळवळली. आधी उभं राहून साधा फोटो काढायला लावला. मी त्या दिवशी पेटी अशी पुसली की विचारू नका. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले, फोटो काढला. फरक इतका बारीक की धड हो म्हणवेना, धड नाही म्हणवेना.

काजल म्हणाली, ‘उभं ऱ्हाऊन बी न्हाई तसं. पळतानी, चवड्यावर जोर आला की कळ निघती.’

या खेपेला कुणीही तिला ‘मला शिकवू नको’ म्हणालं नाही. डॉक्टरांनी केसपेपर घेतला, तपासणी लिहिली, मॅडमनी मान डोलावली. तीनच वेळा, त्याहून जास्त नाही, असं ठरलं.

किरण बंद ठेवून रेघ लावून घेतली. चुंबळ आईनं स्वतः वळून डोक्यावर ठेवली. आम्ही शिशाच्या पडद्यामागं. पहिल्या वेळी पाऊल बोटभर अलीकडं पडलं, निम्मी हाडं पडद्याबाहेर. गेली एक संधी. दुसऱ्या वेळी पाऊल बरोबर जागेवर, पण पडद्यावर काहीच नाही. सगळी हाडं शिस्तीत. निखिलनं सावकाश फिरवून दाखवलं, तरी काही नाही. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. कौसाबाई आमच्या तोंडाकडं बघत होती, आणि परत एकदा ‘काही नाही’ ऐकायची तिची तयारी सुरू झालेली मला दिसली.

पण तीस वर्षं पाय बघितले होते ते काय उगाच? काजलचं पाऊल बाहेरच्या कडेवर पडत होतं. दीड-दोन वर्षं ती पाय जपून जपून पळत होती, दुखऱ्या जागेवर भार येऊच द्यायचा नाही, याची पायाला सवय लागली होती. आम्ही दुखणं शोधत होतो आणि पाय ते लपवत होता. डॉक्टरांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, ‘सांगा तिला.’

मी शिशाच्या पडद्याबाहेर आलो. ती टोकाला उभी होती, डोक्यावर माझ्या टॉवेलची चुंबळ. म्हटलं, ‘काजल, पाय जपू नको. एकदाच दुखू दे. पाय मुरगळायच्या आधी पळत होतीस, तशी पळ.’

‘मामा, लई दुखंल.’

‘दुखू दे. आज बघायला आम्ही आहोत. पळ!’

तीस वर्षांत हा शब्द मी एक्सरेच्या खोलीत कधी उच्चारला नव्हता.

ती पळाली. फळ्या दणाणल्या, चुंबळ हलली नाही, पाऊल जागेवर पडलं. आणि पुढच्या टोकाला ती ओरडून खाली बसली. कौसाबाई तिच्याकडं धावली. आम्ही पडद्याकडं. निखिलनं चित्र मागं घेतलं आणि हळू सोडलं. टाच टेकली. कमान बसली. भार चवड्याकडं सरकला, आणि अंगठ्याच्या मागचं लांब हाड शेजारच्या हाडापासून बाजूला झालं. बाजरीचा दाणा जाईल एवढी फट. पाय उचलला, फट मिटली. जणू काही झालंच नाही! परत लावलं, परत फट. परत लावलं, परत फट. मी डॉक्टरांच्या खांद्यावर थाप मारली, मालक आहेत हेसुद्धा विसरलो. ‘सापडली!’ असा ओरडलो की सरकीच्या गोडाऊनमधली कबुतरं उडाली.

डॉक्टरांनी मायलेकींना पडद्यापुढं आणून बोटानं दाखवलं. ती दोन हाडं जागेवर धरून ठेवणारा एक बंध असतो, चिवट दोरासारखा. तो तुटलाय. बसल्यावर, झोपल्यावर हाडं आपापल्या जागी येऊन बसतात, म्हणून फोटोत दिसत नाही. जोर आला की उघडतात. यावर ऑपरेशन आहे. बरं होऊ शकतं.

काजल त्या फटीकडं बघत राहिली. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. ‘म्हंजी माझा पाय खरंच दुखत होता.’

‘खरंच दुखत होता,’ मी म्हटलं. ‘माझं चुकलं पोरी.’

त्यावर तिनं विचारलं, ‘मामा, हे मोबाईलवर येतं का? घरी दाखवायचंय.’

आलं की! आणि तिच्या गावात असा एकही माणूस राहिला नाही, ज्यानं ते बघितलं नाही. चहाच्या हॉटेलात, पारावर, भरतीच्या पोरांच्या ग्रुपवर, सगळीकडं काजलचं हाड उघडतंय, मिटतंय. जे नाटक म्हणत होते तेच आता एकमेकांना समजावून सांगायला लागले, ‘हे बघ, हितं फट पडती, दिसली का?’ बापानं ते आठ-दहा वेळा बघितलं, असं कौसाबाई सांगते. प्रत्येक वेळी एवढंच म्हणे, ‘परत लाव.’ आणि मग त्या स्थळाला स्वतः जाऊन सांगून आला की यंदा न्हाई.

दसऱ्याआधी ऑपरेशन झालं. घर कारखान्यावर गेलं आणि काजल पाय प्लास्टरमध्ये घालून गेवराईत मावशीकडं राहिली. मी दर आठवड्याला जाऊन यायचो. कुबडी सुटली, मग ती चालायला लागली, मग डॉक्टरांनी हळूहळू पळायला सांगितलं. बरं व्हायला लई दिवस लागले. त्या वर्षीची भरती हुकली. पुढच्या भरतीला मी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा होतो. माझ्या वयाला शोभणार नाही असं शेवटच्या फेरीला ओरडलो. मान ताठ, नजर समोर. तिच्या डोक्यावर चुंबळ नव्हती एवढंच. मेडिकलला तिनं ऑपरेशन लपवलं नाही, कागद पुढं ठेवले आणि पाय दाखवला. पोरगी लागली!

मॅडमचा अभ्यासही छापून आला. त्यात शेवटी आभार मानतात, तिथं माझं नाव आहे आणि कौसाबाईचं पूर्ण नाव आहे. चुंबळीला इंग्रजीत शब्द सापडेना, म्हणून इंग्रजी अक्षरांत ‘चुंबळ’च लिहिलंय. मी तो कागद कौसाबाईला वाचून दाखवला. म्हणाली, ‘एवढी शिकलेली माणसं, अन् एवढं बी ठाऊक नव्हतं व्हय?’

मी जिंकलो असं म्हणायला जीभ रेटत नाही. कारण काजल एकटी नव्हती. बैलाच्या पायाखाली आलेले, ट्रकच्या फळीवरून घसरलेले, चाकाखाली सापडलेले किती पाय मी आडवे ठेवले आणि सुरेख फोटो काढून घरी पाठवले. त्यातले किती जण सांगत असतील, मामा, असं नाही, तसं बघा. मी ऐकलंच नाही. त्यांची तोंडंही आता आठवत नाहीत. आता कुणी काही सांगायला लागलं की मी हातातलं काम थांबवतो आणि आधी विचारतो, कधी दुखतं, कसं दुखतं, करून दाखवा.

गेल्या महिन्यात काजलचा प्रशिक्षण केंद्रातून फोन आला. पहाटे पळवतात, पाय काही म्हणत नाही, जेवण बरं आहे, सगळं सांगून झालं आणि ती हसायलाच लागली.

‘काय झालं गं?’

‘मामा, हितं उस्ताद दिसभर सावधानमध्ये उभं करतेत अन् बोंबलतेत, हलू नका, हलू नका! तवा तुमची लई आठवण येती.’

मी म्हटलं, ‘त्यांचं ऐक बाई. माझं नको ऐकू.’